साखर घालू नये

शमिका शिवलकर गेली. मेली नाही, पळून गेली नाही, रुसून माहेरीही गेली नाही. थोडी थोडी करून शेजारीपाजारी वाटली गेली.

तर हे तुम्ही वाचलेलं नाही. रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात कुणालाही विचारलंत तर असं काही घडलेलंच नाही. शमिका गुहागरला आईकडे गेल्येय, सुपारीचा हंगाम आहे, येईल चार दिवसांत. आपणही तसंच धरून चालू.

सगळं ठीक होतं. शमिकाचा नवरा सुहास मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. त्याचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, कारण कारखान्यात अमोनियाचा वास सुटला की आधी भुतंच पळून गेली असती. त्याचा विश्वास बर्फावर होता. लादी वितळते, पण वितळली तर खाली पाणी दिसतं. जगात एखादी गोष्ट नाहीशी झाली तर तिच्याखाली काहीतरी ओलं असणारच, इतकं त्याचं तत्त्वज्ञान साधं होतं.

शमिकाला खोकी सजवायचा नाद होता. मिठाईवाल्याकडची कोरी पांढरी खोकी, आंब्याची उरलेली खोकी, बुटांची, औषधांची, कसलीही. मैद्याची खळ शिजवायची, जुन्या साडीचे काठ लावायचे, भाट्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले डकवायचे. लोकांच्या लग्नपत्रिका फेकू देत नसे. त्यांच्यावरचे सोनेरी गणपती कापून ती झाकणावर बसवी, आणि पत्रिकेच्या कोऱ्या पाठीचं कार्ड करून त्यावर लिही, ‘हाताने केलं आहे. शमिका.’ त्या घरात इतके गणपती जमले होते की विसर्जनाला महापालिका आणावी लागली असती, आणि रत्नागिरीला महापालिका नाही.

विकत मात्र नसे. कुणाचं बारसं, कुणाची बढती, कुणाचं काहीच नाही, तरी पेटी.

“आत काय घातलंस?” सुहास विचारी.

“काही नाही.”

“रिकामी पेटी भेट देतेस? लोक म्हणतील शिवलकरांची ऐपत संपली.”

“पेटी हीच भेट ना हो. हाताने केलेल्या वस्तूत आपलं काहीतरी जातंच.”

हे वाक्य सगळ्याच हस्तकलावाल्या बायका म्हणतात. सुहासने ते ऐकलं आणि भाकरी मागितली.

पहिली तक्रार आली ती शेजारच्या गंगुबाईंची. एकटी बाई, सत्तरीच्या पुढची, दगडी गडग्यापलीकडे घर. गडग्यावर हात टेकून म्हणाली, “अरे सुहास, तुझ्या बायकोन मला पेटी दिलीन ती बोलते.”

“काय बोलते, काकी?”

“बोलत नाय. जांभई देते.”

सुहास गेला. पेटी खाटेवर उशीजवळ ठेवलेली होती. गंगुबाईने झाकण उचललं आणि आतून जांभई आली. लांब, शेवटाला ‘आई गं’ करून मिटणारी. शमिकाचीच. सुहासने पेटी उलटी केली, अस्तर चाचपलं. हल्ली कार्डांत चिप असते, उघडलं की ‘हॅपी बर्थडे’ वाजतं, तसलं काही असेल. काही नव्हतं. पुठ्ठा, खळ, शिंपला, गणपती.

“परत नेऊ का?” तो म्हणाला.

“नको रे. मला दुपारची झोप येत नाय. ही उघडते, हिची जांभई ऐकली की मला येते. डॉक्टरच्या गोळीपेक्षा बरी.”

रात्री शमिका टीव्हीसमोर बसली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, जबडा किंचित हलला, पण तोंड उघडलं नाही. झोप येत होती, जांभई येत नव्हती. सुहासने हे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग सहदेव टेलर भेटला. त्याला दिलेल्या पेटीत शिंका होत्या. शमिकाच्या शिंका लागोपाठ तीन असत, मध्ये दम न घेता, आणि तशाच पेटीतून निघत.

“वहिनी गमतीशीर हां,” सहदेव म्हणाला. “पण गिऱ्हाईक दचकायचं. माप घेताना टेप सुटायची. म्हणून मी बटणं घातली पेटीत. तेव्हापासून गप.”

“बटणं काढून बघ.”

सहदेवने बटणं ओतून पेटी उघडी धरली. दोघे जण पेटीत पाहत उभे राहिले. काही नाही. रिकामी पेटी जितकी रिकामी असू शकते तितकी.

घरी शमिका मिरच्या भाजत होती. ठसक्याने सुहासला ब्रह्मांड आठवलं. ती धुरात शांत उभी होती, फुलांचा वास घ्यावा तशी.

“शमिका, हे थांबव.”

“काय?”

“खोकी.”

तिने गॅस बारीक केला. “हलकं वाटतं हो,” ती म्हणाली. “एखादी दिली की बरं हलकं वाटतं. तुम्हाला नाही कळायचं.”

त्याला खरंच नाही कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि इतकं जड काय होतं ते त्याने विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. आपण बर्फ बनवतो, आपल्याला वजन उचलायची सवय आहे, इतकंच त्याच्या मनात आलं.

दर्शनाबाईंमुळे मात्र एक गोष्ट कळली. समोरच्या घरात भाड्याने राहणारी ही शिक्षिका. तिची बदली झाली, सामान टेम्पोत चढलं, आणि जाता जाता ती पेटी हातात घेऊन दारात आली.

“वहिनी, ही फुटेल हो वाटेत. तुमच्याकडेच ठेवा. आणि रागावू नका, रिकामीच देत्येय. डबे सगळे खाली गेलेत, घरात साखरेचा दाणा नाही. फार वाईट वाटतं असं द्यायला.”

“असू दे गो,” शमिका म्हणाली.

टेम्पो गेल्यावर तिने झाकण उघडलं आणि तोंड जवळ नेलं, गरम चहावर नेतात तसं. मग आत जाऊन बांगडे तळायला घेतले, आणि तळता तळता गुणगुणायला लागली. ती पूर्वी रोज गुणगुणत असे. ती गुणगुण बंद झाली होती हे सुहासला आत्ता कळलं, ती परत आली तेव्हा.

म्हणजे सोपं होतं. रिकामी परत आली की गोष्ट परत येते. आत काही घातलं की गेली. सुहास खूष झाला. कुठल्याही यंत्राचं असंच असतं, एकदा व्हॉल्व्ह सापडला की झालं.

“सगळ्या परत मागू या,” तो म्हणाला.

शमिकाने त्याच्याकडे असं पाहिलं जसं त्याने चौकात कपडे काढले. “दिलेली भेट परत मागायची? मुरुगवाड्यात तोंड कुठे दाखवायचं मग?”

सुहासलाही लाजच वाटली. आज नको, उद्या बघू. आणि ती रोज एखादी पेटी करत राहिली. दूधवाल्याला, बँकेतल्या शिपायाला, वाटेत भेटलेल्या कुणाला. गुहागरला आईला एक मोठी पाठवली, एसटीतून, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. त्यानंतर तिने सुहासला हाक मारणं बंद केलं. त्याच्यासमोर येऊन उभी राही, आणि तो पाहील तोवर थांबे.

मग तिच्या पावलांचा आवाज गेला. मग ऊन मागच्या दारात असताना ती कपडे वाळत घाली, आणि भिंतीवर फक्त कपड्यांच्या सावल्या पडत.

एका रविवारी तो तिला गाडीवर घेऊन भाट्याला निघाला. पुलावर त्याच्या लक्षात आलं की गाडी मागून दबलेलीच नाही. त्याने वळून पाहिलं.

होती. पदर सांभाळत, खाडीकडे बघत. वाऱ्याने तिचे केस उडत नव्हते.

“परत जाऊ या,” तो म्हणाला. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

त्याने ठरवलं, उद्या. उद्या कारखान्यातली पाळी संपली की दारोदार जायचं, लाजेला मारा गोळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा कुकर अजून गरम होता. चटई अंथरलेली होती, कात्री होती, खळीच्या वाटीवर साय धरली होती. शमिका नव्हती. त्याने चटईखाली हात घातला. कोरडं होतं. सगळं कोरडं होतं.

टेबलावर एक पेटी. हिला काठ नाहीत, शिंपले नाहीत, गणपती नाही. कोरं पांढरं खोकं, आणि कोरं कार्ड. त्याची होती हे सांगायला नाव लागत नव्हतं.

त्याने ती कानाला लावली. आत कुणीतरी श्वास घेत होतं. नुसता श्वास.

त्याने झाकणाला हात लावला नाही. श्वास घ्यायलाही कुणीतरी लागतं. आधी बाकीची आणू, मग हा, असं त्याने रांगेत लावलं आणि चपला घातल्या.

दूधवाल्याने पेटी आनंदाने दिली, आत तुपाची बाटली. बँकेतल्या शिपायाने तीत देव ठेवले होते. तो देवांसकट देऊ लागला. सुहासने गुहागरला फोन लावला.

“आई, पेटी रिकामी आहे ना?”

“इश्श, रिकामी कशी ठेवू? मुलीची पेटी,” सासूबाई म्हणाल्या. “पहिले दोन दिवस उघडली की ‘अहो, अहो’ करी. माझ्या जीवाला घोर. मग सुपाऱ्या घातल्या. आता छान भरल्येय. पाठवते हां, पहिल्या गाडीने.”

“सुपाऱ्या काढा.”

“बरं दिसतं का ते? आणि शमिकाला दे की जरा फोन.”

तो म्हणाला, ती आंघोळीला गेल्येय.

राहिली गंगुबाई.

ही एक पेटी भरलेली नसणार, हे त्याला माहीत होतं. तिला दुपारची झोप लागत होती ती याच्याच जोरावर. तो गडगा ओलांडून गेला आणि पडवीत उभा राहिला. गंगुबाई विळीवर बसली होती.

“काकी, शमिकाची पेटी द्या.”

“का रे?”

“पाहिजे तिला.”

गंगुबाईचा चेहरा उतरला, पण पेटी तिची नव्हती, शमिकाची होती, यावर ती हुज्जत घालणाऱ्यांतली नव्हती. गुडघ्यावर हात देऊन उठली.

“आहे तशी द्या, काकी. रिकामीच. उघडू नका.”

“हां हां. देते.”

ती आत गेली. खाट कुरकुरली.

आतून जांभई आली. लांब, शेवटाला ‘आई गं’ करून मिटणारी.

आणि मग डब्याचं झाकण. आणि मग साखर पडल्याचा आवाज.

सुहास आत धावला. गंगुबाई पेटीवर झाकण बसवत होती, सगळ्या कोपऱ्यांनी दाबून, काळजीपूर्वक.

“काकी, रिकामी म्हटलं ना मी.”

“मेल्या, सवाष्णीची पेटी रिकामी परत कशी देऊ?” गंगुबाई म्हणाली. “माझ्या घरातून आजवर रिकामं काय गेलेलं नाय. आणि थोडीशीच आहे रे, मूठभर. तोंड गोड करा दोघांनी.”

तिने पेटी त्याच्या हातात ठेवली. ती जड होती. मूठभर साखरेने जितकी व्हावी तितकी.

घरी येऊन त्याने साखर ताटात ओतली. पेटी उघडी ठेवून बसला. मुंग्या आल्या.

संध्याकाळी त्याने खळ पुन्हा ऊन केली. पत्रिका काढल्या, कात्री घेतली. हात तिच्यासारखे चालत नव्हते, गणपती वाकडे बसत होते, पण कोपऱ्यावरच्या नोटीस बोर्डाला, देवळाला, पिठाच्या गिरणीला, बंदराला, प्रत्येक ठिकाणी लावायला पुरतील इतकी कार्डं त्याने हातानेच केली. छापून आणली असती तर लवकर झाली असती. ते सुचलं नाही. टेबलावरच्या पांढऱ्या खोक्यात श्वास चालू होता.

सगळी संपली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. झोप अनावर झाली होती. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला.

जबडा किंचित हलला.

मग शेवटचं कार्ड उचलून त्याने त्यावरची शाई वाळली का ते पाहिलं.

*जाहीर विनंती. समस्त रहिवासी, मुरुगवाडा व परिसर, यांस कळविण्यात येते की, सौ. शमिका सुहास शिवलकर यांनी वेळोवेळी भेट दिलेल्या शोभेच्या पेट्या निम्नस्वाक्षरीकारास परत हव्या आहेत. सदर पेट्या रिकाम्या व झाकण न उघडता परत कराव्यात. नारळ, तांदूळ, सुपारी, साखर इत्यादी काहीही घालू नये. रिकामे देणे बरे दिसत नाही, याची निम्नस्वाक्षरीकारास पूर्ण कल्पना आहे. तरी एकवार बरे दिसू नये. ज्यांनी यापूर्वीच काही घातले असेल त्यांनी ते काढून, आत जे होते ते होते तसे पुन्हा ठेवावे, ही नम्र विनंती.*