बंद काज

वन्संनी रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर आपटला तेव्हा सूपच्या वाटीतला चमचा किणकिणला, आणि आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या त्यांच्या वडिलांचा, मास्तरांचा, खोकला एकदम थांबला... घरातलं भांडण नीट ऐकू यावं म्हणून माणूस खोकलाही धरून ठेवतो!

“अल्ब्युमिन दोन पूर्णांक सहा!” वन्सं म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे लाल पेन पर्समध्ये कायमचं. आकड्याभोवती त्यांनी गोल काढून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. “मागच्या महिन्यात तीन होतं. रक्तातलं प्रथिन आहे हे. आणि प्रथिन येतं कुठून? खाण्यातून! मी दर आठवड्याला डझनभर अंडी आणून देते. जातात कुठे ती?”

सून ओट्याशी उभी होती. अंडी कुठे जातात ते तिला चांगलंच ठाऊक होतं. सकाळचं एक अंडं भरवायला तिला तासभर लागायचा. त्यातलं अर्धं मास्तरांच्या पोटात जायचं आणि अर्धं त्यांच्या गळ्यात बांधलेल्या टॉवेलवर.

“खातात हो ते,” ती एवढंच म्हणाली.

“मग आकडा खोटं बोलतो का? बाबा आंघोळ स्वतः करतात, कपडे स्वतः घालतात, जिना स्वतः चढतात, डॉक्टरांच्या तक्त्यात मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. तुला फक्त दोन वेळा ताट वाढायचं होतं... तेवढंही झालं नाही तुझ्याच्यानं! परवाची तपासणी झाली की मी बाबांना माझ्याकडे नेणार.”

दारात सुनेचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, युनिफॉर्म घालून उभा होता. शहरातल्या अरुंदातल्या अरुंद गल्लीतून तो बस सहीसलामत काढायचा, पण बहीण आणि बायको यांच्यामधून वाट काढणं त्याला आजवर जमलं नव्हतं. ड्यूटीला उशीर होतोय असं पुटपुटत त्यानं काढता पाय घेतला.

सुनेनं निवलेलं सूप पुन्हा गॅसवर ठेवलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिनं शब्द दिला होता.

चार महिन्यांपूर्वी मास्तरांच्या फुप्फुसात गाठ निघाली. मास्तर म्हणजे शहरातले नावाजलेले टेलर मास्तर. इस्पितळात प्रत्येक भेटीत रक्त घ्यायचे आणि एक तक्ता भरायला द्यायचे. आंघोळ कोण घालतं? बटणं कोण लावतं? दिवसाचे किती तास खाटेवर जातात? त्यावरून डॉक्टर शून्य ते चार यांमधला एक आकडा लिहीत. शून्य म्हणजे ठणठणीत आणि चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. बाहेरच्या बाकावर मास्तरांनी कुणाकडून तरी ऐकलं की दोनच्या पुढे गेलेल्याला जोरकस औषध देत नाहीत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सुनेचा हात धरला होता. “पोरी, तक्त्यात मी मागे पडलो की संपलं. सगळं मी स्वतःच करतो असं लिही, आणि खरं कुणाला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्याला नाही, वन्संना तर मुळीच नाही.”

तेव्हापासून ती त्यांना आंघोळ घालत होती, पाठीला तेल लावत होती, दहा पावलांवरच्या संडासापर्यंत दोनदा बसवत, दम खाऊ देत नेत होती. नवरा ड्यूटीवरून यायच्या आत सगळं उरकलेलं असायचं. कपडे दुरुस्तीची तिची गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली आणि शिलाई मशीनवर चादर पडली. ‘सूनबाई अलीकडे फार आळशी झाली’ हेही तिच्या कानावर आलं होतं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही... फार वाईट वाटलं! पण गॅसवर दूध असताना रडत बसायला कुणाला वेळ असतो?

बटणांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. जन्मभर सुई ओवलेली ती बोटं आता बटण धरू शकत नव्हती, आणि ते पाहताना मास्तर भिंतीकडे तोंड करत. मग एका दुपारी तिनं मशीनवरची चादर काढली. त्यांच्या पाचही शर्टांची काजं शिवून बंद केली, बटणं वरून नुसती शोभेला शिवली, आणि आतून, पर्सला असतात तसली चपटी चुंबकं कापडात लपवली. दोन्ही पट्ट्या जवळ आणल्या की शर्ट आपोआप मिटायचा. सकाळी मास्तरांनी शर्ट घातला, छातीवरून हात फिरवला, आणि चहा मागितला. कळलं की नाही, कुणास ठाऊक! लग्नाआधी ती त्यांच्याच दुकानात काज-बटणाच्या कामाला होती, आणि तेव्हापासून चौदा वर्षं तिच्या प्रत्येक काजाला मास्तरांचा एकच शेरा असायचा: “उसव.”

परवाचा दिवस उजाडला. डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत चाकांची खुर्ची, तिथून आतली दहा पावलं मास्तर स्वतः चालणार, हा नेहमीचा बेत. वन्सं शाळेतून परस्पर येऊन आधीच डॉक्टरबाईंसमोर बसल्या होत्या, लाल गोलाचा रिपोर्ट पुढे करून.

“डॉक्टर, घरात खायला घातलं नाही तर प्रथिन असंच उतरणार ना?”

सून दाराशीच थबकली. मास्तर समोरच्या खुर्चीत कसेबसे टेकले आणि धाप दिसू नये म्हणून ओठ मिटून बसले.

“एवढं सोपं नसतं ते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खालचा आकडा पाहिलात? सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा; दहाच्या आत हवा. तो चौऱ्याऐंशीवर गेलाय. या आजारात शरीर आतून धुमसत असतं. मग यकृत अल्ब्युमिन बनवायचं कमी करतं आणि ही दुसरी प्रथिनं बनवत सुटतं. कितीही अंडी भरवा, आकडा घसरू शकतो. मला कोडं पडलंय ते वेगळंच. असं रक्त असलेला माणूस बहुतेक वेळ खाटेवर असतो. आणि हा तक्ता म्हणतो, आजोबा जिने चढतात!”

पण हार मानायचा वन्संचा स्वभाव नव्हता. “म्हणजे अंगात एवढी ताकद आहे, तरी ही साधी...”

“बटण काढ,” मास्तर म्हणाले.

“काय बाबा?”

“डॉक्टरांना छाती तपासायचीय. माझ्या शर्टाचं बटण काढ.”

“बाबा, नको!” दारातून सून म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

वन्संनी वरचं बटण धरलं. ते निघेना. दुसरं धरलं, तेही निघेना. त्यांनी कापड उलटून पाहिलं आणि त्यांची बोटं तिथंच थांबली. “याचं काज... बंद आहे.”

“पाचही शर्टांची बंद आहेत. चार महिने मी एक बटण लावलेलं नाही. हिनं चुंबकं घातली, मला लाज वाटू नये म्हणून. आंघोळ ही घालते. भरवते ही. संडासला नेते ही. जिना मी स्वप्नातसुद्धा चढलेलो नाही.” ते दम घ्यायला थांबले. “डॉक्टर, तो तक्ता खोटा आहे. मला औषध हवं होतं, म्हणून मी हिला मुकं केलं. आणि लोक हिला नाही नाही ते बोलले, तेव्हा आत पडून मी ऐकत राहिलो... खोडा तुमचा तो आकडा!”

डॉक्टरबाईंनी जुना आकडा खोडला आणि ‘तीन’ लिहिलं. जोरकस औषध आता द्यायचं नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. या रक्ताला ते झेपलं नसतं. हलकं औषध, दुखणं आणि धाप कमी करण्याची सोय, आणि घरी मदतीला दुसरं माणूस. किती दिवस, हे मास्तरांनी विचारलं नाही.

वन्संच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. लाल गोलाचा कागद त्यांनी घड्या करून पर्समध्ये कोंबला. “मला एकदा तरी सांगायचंस गं...”

“शब्द दिला होता, वन्सं,” सून म्हणाली, आणि मग मात्र चार महिन्यांचं रडू तिला आवरेना. वन्संनी उठून तिला जवळ घेतलं.

मास्तर वन्संकडे राहायला गेलेच नाहीत. वन्संच दुपारी शाळा सुटल्यावर येऊ लागल्या. भरवण्यात त्या अगदीच कच्च्या निघाल्या. पहिल्या दिवशी अंडं पोटापेक्षा टॉवेलवरच जास्त गेलं, आणि नंतर तो टॉवेल त्यांनी स्वतःच धुतला.

एका संध्याकाळी सून पाचही शर्ट घेऊन खाटेशी बसली. हातात कात्री होती. “बाबा, आता लपवायचं काय राहिलंय? चुंबकं काढते आणि काजं पुन्हा उघडते. तुम्हाला नीट शिवलेला शर्ट आवडतो.”

मास्तरांनी त्यातला एक शर्ट मागून घेतला. उलटा केला. चष्मा लावून चुंबकाभोवतीचा टाका न् टाका पाहिला, जसा ते दुकानात पाहायचे. सून सवयीनं वाट पाहत राहिली.

“उसवू नकोस,” मास्तर म्हणाले.