नको तेवढंच रेकॉर्ड झालं

"अहो, तुम्ही माझ्या दिव्यांवर बसलाय!"

ती दचकून उठली. बारा तासांची ड्यूटी संपवून तीन मजले चढताना पायांनी संप पुकारला, म्हणून जिन्यातल्या पेटीवर ती जरा टेकली होती. पेटी निघाली शूटिंगच्या दिव्यांची, आणि दिव्यांचा धनी म्हणजे व्हिडिओ शिकवणारा मास्तर. त्याच्याच वर्गाला ती निघाली होती. जखमेला घरी पट्टी कशी बांधायची याची छोटी फिल्म कर, असं हॉस्पिटलने तिच्या गळ्यात मारलं होतं. नर्सच्या मागे हेही एक लचांड!

"बसा हवं तर अजून," तो म्हणाला. "फुटायचे असते तर एव्हाना आवाज आला असता."

असे सहा शनिवार गेले. कॅमेरा कसा धरायचा, माणसाला खिडकीकडे पाठ करून का बसवायचं नाही, नको तो भाग कापून पुढचं कसं जोडायचं... तो शिकवायचा आणि ती जांभया गिळत ऐकायची. तोही दमलेलाच असायचा. लोकांचे समारंभ कापून-जोडून त्याचे डोळे लाल झालेले असायचे. दोन थकल्या जीवांचं बरं जमलं. खरं सांगायचं तर तिला तो आवडायला लागला होता, चांगलाच. आणि आज शेवटचा वर्ग. उद्यापासून हा जिना चढायला काही निमित्त उरणार नव्हतं.

आत्याच्या हाताला पट्टी बांधून तिने घरी फिल्म शूट करून आणली होती. मास्तरने ती लावली. पडद्यावर फरशी. मग आत्याची चप्पल. मग पुन्हा फरशी.

"पट्टी कुठाय?"

"मी तर दर वेळी बटण दाबत होते..." तिचा चेहराच पडला.

"पहिल्यांदा ते लागलंच नाही. मग थांबवायला दाबलंत तेव्हा सुरू झालं, आणि सुरू करायला दाबलंत तेव्हा बंद! लाल ठिपका बघायचा असतो हो."

एवढ्यात फरशीवरून आत्याचा आवाज आला, "किती दमवशील गं जिवाला?"

आणि पाठोपाठ तिचा स्वतःचा — "पायांचे तुकडे पडतात, आत्या. पण शनिवार आला की तीन मजले कशी चढते, देव जाणे. आता वर्ग संपला की... त्याला सांगायचं तरी कसं?"

"कुणाला? मास्तरला?"

"नाही, शेजारच्या मांजराला!"

"कापा! तेवढं कापून टाका!" ती ओरडली.

त्याने फिल्म थांबवली आणि माऊस हळूच तिच्याकडे सरकवला. "कापायला शिकवलंय ना... तुम्हीच कापा."

माऊसवर हात ठेवून ती नुसती बसून राहिली. लाजेने कान तापले होते, पण नाटक करायचं त्राण अंगात उरलं नव्हतं.

"नाही कापत," ती म्हणाली. "खरंच आहे ते."



"फिल्म पुन्हा करावी लागेल," तो म्हणाला. "तुम्हाला एकटीला जमेल आता. माझी गरज नाही."

तिने माऊस त्याच्याकडे परत सरकवला.

"तरी... येऊ का घरी? शूटिंगला नाही. आत्यांना भेटायला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचेही कान लाल झाले होते.

"उद्या या," ती म्हणाली. "पण सकाळी नको हं. अकरापर्यंत मी झोपणार आहे."

"मीही," तो म्हणाला.