अव्वा, पूल किती सोसंल?

पटलं नाही तरी चालेल, पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

मी दानेश्वरी. आमचं घर मैंदर्गीच्या बाहेर, ओढ्यावरच्या जुन्या पुलाला लागून. दोन खोल्या, एकच दार. नवरा शिवराज सोलापुरात कामाला. घरी मी आणि सासूबाई, गंगम्मा.

त्या पुलावर दहा टनांच्या वर वजनाला बंदी होती. तशी पाटीही होती, पण बाभळीआड गेलेली. खडीचे ट्रक खुशाल जायचे. रस्ता खचला, आमच्या भिंतींना तडे गेले. विचारतो कोण?

गेल्या वर्षी एका मंगळवारी एक ड्रायव्हर मात्र दारात थांबला. 'अव्वा', म्हणजे आई, अशी हाक मारून पूल किती सोसंल, असं त्यानं सासूबाईंना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, सगळे जातात की, जा.

तो गेला.

पूल मधोमध बसला. खडीखालून त्याचं प्रेत काढेपर्यंत अंधार पडला. गुरुशांत त्याचं नाव. आम्हाला ते पेपरात कळलं.

मग रस्ता बंद झाला. आमच्या घराच्या अलीकडेच मातीचा ढीग टाकला. आता सायकलसुद्धा येत नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे साडेतीन. मी तांदूळ निवडत होते.

आधी मांडणीवरची भांडी थरथरली...

मग घरघर. भरलेल्या गाडीची. जवळ आली... आणि दाराशी थांबली.

दाराखालच्या फटीतला उजेड गेला.

मी कडी काढून दार ओढलं. हलेना. चौकटीवर डोंगर बसावा तसं. खिडकीतून पाहिलं. अंगणात लख्ख ऊन. गाडी नव्हती.

नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आधी ती गाडी बंद करायला सांग, तुझं काही ऐकू येत नाही.

वरून माती गळायला लागली. भिंतीतला तडा माझ्यासमोर बोटभर रुंद झाला.

आणि दारापलीकडून आवाज आला...

"अव्वा, पूल किती सोसंल?"

सासूबाई उठून दाराशी गेल्या.

"न्हाय सोसायचा, लेकरा. माघारी फिर."

गाडी मागे गेली. दार आपोआप सैल झालं. बाहेर चाकाचा एक ठसा नव्हता.

त्यानंतर दर मंगळवारी तो आला. दर मंगळवारी त्यांनी त्याला माघारी धाडलं. शिवराजनं सोलापुरात खोली पाहिली, पण त्या हलेनात. म्हणाल्या, "मी नसले तर तो फुडं जाईल की."

त्या हलेनात, म्हणून मलाही हलता येईना.

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारच्या आत परत येऊ म्हणून सोलापूरला गेल्या. डॉक्टरांनी सोडलं नाही.

त्याला उत्तर द्यायला कुणीतरी हवं म्हणून मी घरीच थांबले होते, एकटी. भांडी थरथरली. दार घट्ट झालं...

"अव्वा, पूल किती सोसंल?"

काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण तोंडातून आवाजच फुटेना.

"अव्वा... हायस न्हवं?"

मी दारावर हात आपटले. तेवढंच जमलं.

गिअर पडला. घरघर हळूहळू दूर जायला लागली...

पुलाच्या बाजूला.

पुन्हा तो आला नाही.

सासूबाई घरी आल्यात. दर मंगळवारी साडेतीनला दाराशी बसतात, कान देतात. आता येत नाही म्हणजे सुटला बिचारा, असं म्हणतात.

तो कुठल्या बाजूला गेला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.