फौजदाराची हजेरी

नंदादीप इमारतीत भांडणं बंद झाली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. फक्त एका बोक्याला नाही.

एरवी तिथे विषयांना तोटा नव्हता. पार्किंग, टाकीचं पाणी, वरच्या गॅलरीतून टिपकणारे कपडे. मग औषधांच्या दुकानात 'स्वभाव-विरजण' आलं. शास्त्र सोपं होतं. माणसाच्या आतड्यात जिवाणूंची वसाहत असते आणि ती मज्जातंतूंवाटे मेंदूला सारखे निरोप धाडत असते. राग, धास्ती, हुरूप यांचा बराचसा कारभार या तळमजल्यावरूनच चालतो. संशोधकांनी कमालीच्या शांत अशा एका माणसाचे जिवाणू घेतले, त्यांना चिवट केलं आणि पाकिटात भरलं. दुधात घालायचे, दही लावायचं, खायचं. पाकिटावर ठळक सूचना होती: या दह्याचं पुन्हा विरजण लावू नये, दुसऱ्यास देऊ नये.

सूचना लिहिणारा मराठी घरात कधी जेवला नसावा. भांड्यातला शेवटचा चमचा उद्याच्या दुधासाठी राखायचा, शेजारीण वाटी घेऊन आली तर नाही म्हणायचं नाही आणि तिची वाटी आपल्याकडे आली तर ती रिकामी परत करायची नाही, हे इथे कोणी शिकवावं लागत नाही. निनाद पाटणकरने रक्तदाबासाठी एकच पाकीट आणलं होतं. बघता बघता अख्खी इमारत गोड झाली.

त्याची बायको शलाका तेवढी बाहेर राहिली. तिचं दही माहेरच्या विरजणाचं. लग्नानंतर आईने वाटीतून दिलेलं, आजवर मोडू न दिलेलं.

"तुझं औषध तू खा," ती निनादला म्हणाली. "मला माझा राग लागतो. बायको रागावल्याशिवाय या घरातला एक नळ तरी दुरुस्त झालाय का?"

"असू दे," निनाद हसून म्हणाला. पूर्वी या वाक्यावर त्याने ताट सरकवलं असतं.

बोक्याचं नाव फौजदार. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला गाल घासून तो हजेरी घ्यायचा, मगच त्याला आत सोडायचा. अलीकडे त्याचं तंत्र बिघडलं होतं. निनाद आला की पाठ कमानीसारखी करून फिस्कारायचा. दाराच्या चौकटीवर मुतायचा. खाणं टाकून कपाटावर जाऊन बसायचा आणि फक्त शलाकाच्या मांडीवर उतरायचा.

त्यातच लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत चौगुले काकू. बाहेर चार माणसं जमली, त्यांत निनादही.

"काकू, अडकलात होय?"

"अडकले बाई. असू दे."

"असू दे," बाहेरची चौघं म्हणाली. चौघांनी मान एकाच बाजूला कलती केली होती. ऊन कलेपर्यंत ती तशीच उभी होती. शलाका बाजारातून आली आणि तिने लिफ्टवाल्याला फोन केला. याच काकूंनी पूर्वी दूधवाला जरा उशिरा आला म्हणून जिना दणाणून सोडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने फौजदाराला टोपलीत घातलं आणि डॉ. वैजयंती मोहित्यांचा दवाखाना गाठला. गुरांपासून पोपटापर्यंत सगळ्यांवर उपचार करणारी ही बाई आधी जिवाणूंवर संशोधन करत असे. तिने बोका तपासला, इमारतीची सगळी हकिगत ऐकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"शलाकाताई, बोका ठणठणीत आहे. मांजर माणसाला तोंडावरून कमी आणि वासावरून जास्त ओळखतं. आणि अंगाचा वास बनवतात जिवाणू. पोटातले, कातडीवरचे."

"म्हणजे निनादचा वास बदलला?"

"एकट्या निनादचा असता तर हा आठवड्याभरात सरावला असता. तुमच्याकडे सगळ्यांच्या पोटात एकाच माणसाचे जिवाणू आहेत. फौजदाराच्या हिशेबी तिथे आता एकच माणूस राहतो. तो एका दारातून आत जातो आणि दुसऱ्या दारातून बाहेर येतो."

शलाकाने टोपली जवळ ओढली. "आणि आमची माणसं?"

"तेच तर कळत नाही. पाकिटातलं एकदा खाल्लं तर ओसरतं. तुम्ही लोकांनी ते पुन्हा पुन्हा विरजून मुरवलंय. प्रत्येक खेपेला जो जास्त चिवट तोच टिकला." डॉक्टरने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही ते दही खात नाही ना?"

"माझं भांडं वेगळं आहे. फडताळही वेगळं."

"आणि विरजण घालायचा चमचा?"

चमचा एकच होता. आईनेच दिलेला, चांदीचा.

"घाबरा," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "घाबरताय तोवर तुम्ही तुम्हीच आहात. हा मांडीवर बसतोय तोवरही. आज ते भांडं ओतून टाका. उद्या सकाळी याला घेऊन माहेरी निघा." तिने घरच्या स्टीलच्या डबीत थोडी सुकट भरून दिली. "ही घाला याला, खाईल."

घरी येताच शलाका चपला न काढताच कामाला लागली. तिने बॅग भरली. भांडं मोरीपाशी नेलं. आईचं विरजण. हात पुढे होईना. उद्या निघताना ओतू, असं म्हणून तिने ते परत फडताळात ठेवलं.

सकाळी ती उठली तेव्हा घर स्वच्छ उन्हाने भरलं होतं. किती दिवसांनी अशी झोप लागली होती. बॅग दाराशी होती. कशाला भरली ते तिला नीट आठवत होतं. डॉक्टरचा शब्द न् शब्द आठवत होता. नुसतं त्यात घाबरण्यासारखं काय होतं ते सापडेना.

"फौजदार, ये रे."

बोका कपाटाच्या टोकापर्यंत आला. त्याने हवेत नाक केलं, तिच्याकडे पाहिलं आणि पाठीची कमान करून फिस्कारला. मग मागे सरत भिंतीला चिकटला. त्याचं अंग थरथरत होतं.

शलाकाने मान जराशी कलती केली.

"असू दे," ती म्हणाली.

खाली कुठेतरी लिफ्ट अडकली होती आणि आतून कोणाचं तरी लहान मूल दारावर हात आपटत रडत होतं. जिन्यात माणसं जमल्याचा आवाज आला. त्यांत निनादचाही होता, समजूतदार, गोड. शलाका ऐकत ओट्याशी उभी होती. समोर डॉक्टरची स्टीलची डबी घासून पालथी ठेवलेली. दुसऱ्याची डबी रिकामी कशी परत करायची? तिने फडताळातून भांडं काढलं. दही छान लागलं होतं, घट्ट, सुरीने कापावं असं. चांदीच्या चमच्याने तिने डबी काठोकाठ भरली आणि झाकण लावलं.