अठ्ठावन्नावं मिनिट

मुलुंडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्रोसेसर गार ठेवणाऱ्या थर्मल पेस्टची शेवटची ट्यूब उरली होती आणि तिच्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक पद्मजाचा, दुसरा यज्ञेशचा. 'तुम्ही घ्या', 'नको, तुम्हीच घ्या' इतका वेळ चाललं, की दुकानदारच वैतागून म्हणाला, अर्धी-अर्धी वापरा.

बोलता बोलता कळलं, दोघंही इंटरनेटवरच्या एकाच तक्त्यात लिहितात. प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारे देशभरातले हौशी लोक त्यात आपापले आकडे भरत. नियम एकच — पूर्ण ताण देऊन मशीन तासभर चाललं, आणि दुसऱ्या सभासदाने ते समोर बसून पाहिलं, तरच 'स्थिर' लिहायचं.

म्हणून रविवारी दुपारी पद्मजा घाटकोपरहून नाहूरला त्याच्या घरी गेली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. त्याच्या आईने, जानकीकाकूंनी, आतून विचारलं, "पडला काय रे बंद?" आणि घावण्यांसाठी तवा चढवला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या आठवड्यात पद्मजाचं कशातच लक्ष लागेना. ऑफिसात उगाच उठे, बसे, फोन पालथा ठेवी नि पुन्हा उचली. शेवटी तिने तक्ता उघडला आणि तोच प्रोसेसर, तोच वेग असलेल्या इतर सगळ्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी लावल्या. एकवीस जण. एकोणीस स्थिर. उरलेल्या दोघांचा पडदा निळा पडला होता, तोही पहिल्या दहा मिनिटांत. काळा पडदा आणि अठ्ठावन्नावं मिनिट... साऱ्या देशात एकट्या यज्ञेशचं.

तिला टेबलाखालचा स्विचबोर्ड आठवला. आणि तिथेच चुळबुळणारी त्याची पावलं.

हसू आलं, अन् लगेच मावळलं. 'स्थिर' लिहिलं, की नाहूरला जायला निमित्त उरणार नव्हतं. न लिहावं, तर तक्ता खोटा.

रविवारी ती म्हणाली, "आज पाय वर घे. मांडी घालून बस."

त्याचे कान लाल झाले. "तुला... कुणी सांगितलं?"

"एकवीस जणांनी."

अठ्ठावन्न. एकोणसाठ. दोघंही पडद्याकडेच बघत होते. साठ. मशीन आपलं चालूच.

"झालं," तो हळूच म्हणाला. "आता तू येणार नाहीस ना?"

"एवढं विचारायला चार रविवार लागले होय रे?"

"नाही म्हणाली असतीस तर... त्यापेक्षा मशीन बंद पाडणं सोपं वाटलं गं. मला तू आवडतेस, पद्मजा."

तिने कीबोर्ड ओढला, त्याच्या नोंदीपुढे 'स्थिर' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ टाइप करत राहिली. त्याने वाकून वाचलं —

'मशीन ठीक. मालक अस्थिर. तपासणारीसुद्धा. दर रविवारी पाहावं लागेल.'

आतून जानकीकाकूंचा आवाज आला, "आज नाय पडला काय रे?"

पद्मजाच्याच तोंडून निघून गेलं, "पडलो, काकू... दोघंही."

आत तवा चर्र वाजला.