अहो, गोळी घेतलीत का?

"अगं फौजदार, तिचा आवाज गेला गं!"

मास्तर दारातच उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. टीममधल्या सगळ्यांना त्यांनीच प्रोग्रॅमिंग शिकवलेलं, म्हणून ते मास्तर. आणि डेटाबेस सांभाळणारी ती फौजदार. एक नोंद इकडची तिकडे झाली, तरी ती अख्ख्या ऑफिसची उलटतपासणी घ्यायची.

कंपनीचं ॲप औषधांची आठवण करून द्यायचं, तेही घरच्या माणसाच्या आवाजात. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांची बायको गेली. तेव्हापासून "अहो, गोळी घेतलीत का?" हे ऐकल्याशिवाय मास्तर हृदयाची गोळी तोंडात टाकत नव्हते.

"नीट सांगा. कधी कळलं?"

"आत्ताच. आलो, रोजच्यासारख्या आठ-दहा मंजुऱ्या दिल्या, तेवढ्यात गोळीची वेळ झाली. फोनमधून नुसती घंटा!"

"मग गोळी?"

"तिनं विचारलंच नाही ना."

फौजदारनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा इथं. आणते शोधून."

बाकी सगळ्यांचे आवाज जागच्या जागी होते. गेलं होतं ते मास्तरांच्या बायकोचं, वहिनींचं, एकच खातं. म्हणजे यंत्राचा बिघाड नाही. तिनं बॅकअप उघडला. तिथंही काही नाही! आता मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

चुकून पुसलेलं बॅकअपमध्ये हमखास सापडतं. तिथूनही नाहीसं व्हायला एकच वाट होती. खातेदारानं स्वतः 'माझं सगळं पुसा' म्हणायचं, आपल्या फोनवर आलेला आकडा भरायचा. मग विनंती महिनाभर तशीच थांबते, मन बदललं तर मागे घेता यावी म्हणून. शेवटी ऑफिसची मंजुरी.

"वहिनींचा फोन कुणाकडे आहे?"

"लेकीकडे."

लेक धावतपळत आली. फौजदारनं आडपडदा ठेवला नाही.

"बाबांशी भांडलीस?"

"हो, भांडले! दिवसभर तेच ऐकत बसायचे. म्हटलं, पुरे करा आता. पण मी पुसेन? माझी आई होती ती!"

"आणि तिचा फोन?"

"ती गेल्यापासून बंद आहे. चार्जसुद्धा केला नाही मी. हात लावायचा धीरच होत नाही."

"त्याआधी?"

लेक आठवू लागली. "हॉस्पिटलात एकदा तिनं मागून घेतला होता. चष्माही मागितला. मला म्हणाली, जा, चहा पिऊन ये."

फौजदारला सगळं कळलं होतं, आणि ते सांगायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"मास्तर, विनंती वहिनींचीच होती. महिन्याची मुदत आज संपली. त्या जाऊन तीनच आठवडे झालेत, म्हणजे विनंती त्या असतानाची. फोनही तेव्हा त्यांच्याच हातात होता."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग एकदम उसळून ते म्हणाले, "आणि मंजुरी? कुठल्या गाढवानं दिली?"

फौजदारनं मान खाली घातली. मंजुरी देणाऱ्याला नाव दिसायचं नाही, नुसता क्रमांक. लोकांच्या खाजगी गोष्टींत आपण नाक खुपसायचं नाही, असं म्हणून मास्तरांनीच साहेबांशी भांडून तो नियम करून घेतला होता.

"आज सकाळी..." मास्तर पुटपुटले. "मी?"

"हो, मास्तर."

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पण का गं केलं तिनं असं?" मास्तरांनी फौजदारला विचारलं. "मी यातच अडकून पडेन म्हणून? की रागावली होती माझ्यावर? कारण लिहिलं असेल ना तिनं?"

"कारण विचारतच नाही आपण. तो रकाना तुम्हीच काढायला लावला होतात."

न घेतलेल्या गोळीची घंटा पुन्हा वाजली. लेकीनं डोळे पुसले, पट्टीतली गोळी काढून बाबांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

मास्तरांनी तिला हातानं थांबवलं आणि फोन कानाशी धरला.

"थांब जरा," ते म्हणाले. "विचारेल ती."