आखाजीचा झोका आणि अकरावा नियम

"ओढ ना रे! जेवला नाहीस का?"

"जेवलोय म्हणूनच ओढवत नाहीये!"

जितेंद्रने चऱ्हाट धपकन खाली टाकलं आणि त्याच्या वेटोळ्यावरच बसकण मारली. तो नऊ वर्षांचा, त्यामुळे सगळी जड कामं आपल्यालाच सांगतात असं त्याचं ठाम मत होतं. चऱ्हाटाचं दुसरं टोक त्याच्या बहिणीच्या, ज्योत्स्नाच्या खांद्यावर होतं. ती तेरा वर्षांची, म्हणजे या टोळीची पुढारी. मधला भाग पुनीत आणि जिनल या जुळ्या भावंडांनी उचलला होता. खरं तर जिनलने उचलला होता. पुनीत फक्त "उजवीकडे, उजवीकडे!" असं म्हणत होता.

परीक्षा संपून आठवडा झाला होता आणि आखाजी चार दिवसांवर आली होती. बाकीच्यांना अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यावंसं वाटतं, आम्हा खान्देशातल्या लोकांना कडुनिंबाची जाड फांदी लागते! त्या दिवशी लेकी सासरहून माहेरी येतात आणि झोक्यावर बसून मनसोक्त गाणी म्हणतात. ज्योत्स्नाची मोठी बहीण हर्षाली फेब्रुवारीत लग्न होऊन धुळ्याला गेली होती. तिची ही पहिलीच आखाजी. गेला महिनाभर ती रोज फोनवर एकच विचारायची, "झोका बांधला का गं?"

ज्योत्स्नाच्या घरची केळीची शेती यावलकडच्या गावी होती, पण राहायला ते जळगावात, चिंतामणी कॉलनीत. त्यामुळे कॉलनीच्या बागेतला म्हातारा कडुनिंब हेच त्यांचं हक्काचं झाड. दर आखाजीला सगळ्या कॉलनीचा झोका तिथेच बांधला जायचा.

"थांबा!" जिनल फाटकाजवळच्या फलकापाशी थबकली. "हे काय लिहिलंय?"

बागेच्या नियमांचा तो निळ्या अक्षरांचा फलक चौघांना तोंडपाठ होता. का असणार नाही? पुनीत-जिनलचे आजोबा भिकमचंद सेठजी बाग समितीचे अध्यक्ष होते. नियम क्रमांक तीनने मुलांचं क्रिकेट बंद पाडलं होतं आणि सातव्याने जितेंद्रची सायकल फाटकाबाहेर काढली होती. एकूण नियम दहा. पण आज दहाव्याखाली लाल, वाकड्या अक्षरांत आणखी एक ओळ होती.

"११. कडुनिंबाला झोका बांधण्यास सक्त मनाई."

"काल हे नव्हतं!" ज्योत्स्ना म्हणाली. तिचा चेहरा पडला. "आता ताईला काय सांगू?"

"तुमच्या दादाजींचंच काम!" जितेंद्र गुरगुरला.

"शक्यच नाही!" पुनीत म्हणाला. "दादाजी नवा नियम करतात तेव्हा आधी आम्हाला जेवताना तीनदा वाचून दाखवतात. कढी गार होते पार!"

जिनलने लाल अक्षरावर बोट घासलं. बोट लाल झालं.

"हा ऑइलपेंट नाही. गेरू आहे."

गेरू! बागेत गेरू एकाच ठिकाणी असायचा, माळीबुवांच्या पत्र्याच्या खोलीत, कुंड्या रंगवण्यासाठी. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. झिपरूआबा? दरवर्षी चऱ्हाटाची गाठ स्वतःच्या हाताने मारणारे, "जोरे झोका द्या रे!" म्हणून पोरांना चढवणारे झिपरूआबा असा नियम लिहितील? कुणालाच पटेना.

"आधी नीट बघू या," ज्योत्स्ना म्हणाली. "उगीच म्हाताऱ्या माणसावर आळ नको."

दुपारी बारा ते चार बाग बंद, हा नियम क्रमांक दोन. म्हणून टोळीने पहारा बसवला तो जिनलच्या घराच्या गॅलरीत. तिथून बाग सरळ दिसायची. ऊन चव्वेचाळीस अंश! रस्त्यावर रिक्षासुद्धा फिरकत नव्हती. अशा वेळी खोलीत पंख्याखाली पडायचं सोडून झिपरूआबा कडुनिंबापासून पंधरा पावलांवर, भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले होते आणि एकटक वर बघत होते. एक कुत्रं झाडाखाली आलं, तर त्यांनी त्याला हात हलवून, जराही आवाज न करता हाकललं.

"काहीतरी लपवलंय झाडात!" पुनीत कुजबुजला. "सोनं!"

"तुला सोन्याशिवाय काही सुचतं का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चौघं झाडाखाली हजर! जितेंद्र गुडघ्यांवर रांगत बुंध्याभोवती फिरला आणि ओरडला, "इथे उंबराचं फळ पडलंय! अर्धं खाल्लेलं!"

"बागेत उंबर आहेच कुठे?" ज्योत्स्ना म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावरून फडफड ऐकू आली. राखी रंगाचा, घारीएवढा एक पक्षी बाजूच्या शिरीषावर येऊन बसला. केवढी ती वाकडी चोच! तिच्यावर शिंगासारखा उंचवटा आणि टोकात एक लालसर उंबर. त्याने मुलांकडे पाहिलं, मान वाकडी केली, पण कडुनिंबाकडे काही येईना.

"श्श! मांगे या! बठ्ठा मांगे या!"

मागे झिपरूआबा उभे होते. त्यांनी चौघांना हाताला धरधरून भिंतीपाशी नेलं. मुलं लांब गेली तसा पक्षी उडाला आणि कडुनिंबाच्या खोडाला चिकटला. खोडावर मातीने लिंपलेली एक ढोली होती आणि लिंपणाच्या मधोमध बोटभर फट. त्या फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं. बाहेरच्याने उंबर दिलं, आतलीने घेतलं.

"आत कोण आहे?" जिनलने हळूच विचारलं.

"मायबाई शे," आबा म्हणाले. त्यांचं गाव अमळनेरकडचं, अहिराणी त्यांच्या जिभेवरून कधी उतरली नाही. "धनेश म्हंतस त्याले. अंडा दिन्हात का ती सोताले कोंडी लेस. पिल्लास्ले साप-कावळा खावाले नको म्हनीसन. तिन्हा पखंबी गळी जातस, उडता येस नही. मंग हाऊ बाप दिनभर उंबर, निंबोळ्या लई येस."

"आणि तो आला नाही तर?"

आबांनी ढोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मंग ती नही, पिल्लाबी नहीत."

झोका त्याच झाडाला, ढोलीच्या हाताभर खालच्या फांदीला बांधला जायचा. दिवसभर तिथे बायकांची गर्दी, गाणी, पोरांचा कल्ला. बाप कुठून येणार?

"म्हणून तुम्ही नियम लिहिला!" पुनीत म्हणाला. "आबा, पण नुसतं सांगितलं असतं तर?"

"माळीनं कोन ऐकस भाऊ? बोर्डवर लिखं का बठ्ठा ऐकतस." ते ओशाळून हसले. "गेरूच व्हता मनाजोडे. दुसरा रंग कोठून आनू?"

'झोका बांधला का गं?' ताईचा आवाज ज्योत्स्नाच्या कानात घुमत होता. तिला रडूच येणार होतं, आणि थोडं आलंही. तिने ओढणीने डोळे पुसले, कालपासून भिंतीशी पडलेलं चऱ्हाट उचललं आणि म्हणाली, "ताईला मी सांगेन. चला, हे घरी नेऊ."

पण चऱ्हाट घरी जायचंच नव्हतं!

फाटकाशी भर्रकन एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात सिमेंटची पोती, शिडी, रंगाचे डबे आणि दोन मजूर. पुढून गॉगल लावलेले लीलाधर ठेकेदार उतरले. बागेचं सुशोभीकरण त्यांच्याकडे होतं, आणि आखाजीच्या आत ते उरकायची त्यांना भलतीच घाई होती.

"झाडांच्या सगळ्या ढोल्या-भेगा सिमेंटने बुजवायच्या आणि खोडं गेरू-चुन्याने रंगवायची!" त्यांनी मजुरांना हुकूम सोडला. "सुरुवात त्या कडुनिंबापासून. मोठी भेग आहे, मी कालच बघितलीय!"

"साहेब, त्या ढोलीमा..." आबा हात जोडून पुढे गेले.

"आबा, तुम्ही झाडांना पाणी घाला. ही तांत्रिक कामं आहेत!"

ज्योत्स्नाने एका क्षणात टोळीकडे पाहिलं. "जितू, दादाजींना बोलाव! जैन स्थानकात व्याख्यानाला गेलेत. पळ!"

जितेंद्र सुसाट सुटला. आणि पुनीतने काय करावं? फाटक लावून घेतलं आणि टेम्पोसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, अगदी त्याच्या दादाजींसारखा!

"नियम क्रमांक सात! बागेत कोणतंही वाहन आणण्यास सक्त मनाई!"

"अरे बाळा, मी ठेकेदार आहे."

"'ठेकेदार सोडून' असं लिहिलेलं नाही, काका. वाचा ना!"

ठेकेदारांनी गॉगल कपाळावर चढवून फलक वाचला. खरंच नव्हतं लिहिलेलं.

"नियम क्रमांक नऊ!" जिनल पुढे सरसावली. "बागेत काहीही साहित्य आणण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी. ती दाखवता?"

"ती... ती ऑफिसात आहे."

"आम्ही थांबतो, तुम्ही घेऊन या! आमची काय, सुट्टीच आहे!"

मजूर तोंडावर हात ठेवून हसायला लागले. ठेकेदार मात्र चिडले. "पोरखेळ पुरे! उचला रे पोती खांद्यावर! माणसांना आत यायला तर मनाई नाही ना?" त्यांनी फाटक ढकललं, आणि शिडी घेऊन सगळे आत शिरले.

आता? नियम संपले होते, आणि दादाजींचा पत्ता नव्हता!

"चऱ्हाट!" ज्योत्स्ना ओरडली.

तिने चऱ्हाटाचं एक टोक बाकाला बांधलं, दुसरं पुनीतने धरलं आणि धावत दिव्याच्या खांबाला गुंडाळलं. तिथून जिनलने ते शिरीषाच्या खोडामागून फिरवून परत बाकापर्यंत आणलं. शेवटची गाठ झिपरूआबांनी मारली. गाठ दरवर्षीसारखीच पक्की होती. कडुनिंबाभोवती मोठं रिंगण तयार झालं आणि तिघं मुलं त्या दोराला पाठ लावून उभी राहिली.

"याच्या आत कुणी यायचं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "काका, ती भेग नाही. आत आई आहे. तिला उडता येत नाही. तुम्ही सिमेंट लावलंत तर ती आतल्या आत मरेल."

"कोण आई? काय बोलतेस पोरी?"

"काय चाललंय?"

पांढरा सदरा, पायांत चपला उलटसुलट, आणि हाताला धापा टाकणारा जितेंद्र! भिकमचंद सेठजी आले होते. ठेकेदारांनी लगेच तक्रार मांडली.

"बघा सेठजी! पोरांनी काम अडवलंय. आणि तुमच्या फलकावर तो अकरावा नियम बघितलात? समितीने कधी केला हो?"

सेठजी फलकापाशी गेले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "हा नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. "कुणी लिहिला?"

आपण बोललो तर नोकरी जाईल, हे आबांना कळत होतं. मुलांनाही कळत होतं.

"आम्ही!" पुनीत एकदम म्हणाला.

"खोटं बोलू नको भाऊ," झिपरूआबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सेठजी, मी लिखं. चूक मन्ही शे."

"समितीच्या फलकावर? न विचारता?"

आबांनी मान खाली घातली. "मन्ही लेक सुरतले शे. दोन आखाज्या झायात, तिले सुट्टी भेटस नही, ती येस नही. अठे झाडमा ही माय ऊनी. तिले कशी हाकलू?"

सेठजींनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी शिरीषावर फडफड झाली. धनेश आला होता. एवढी माणसं बघून तो थबकला.

"मागे व्हा," सेठजी हळूच म्हणाले. "सगळे. तुम्हीसुद्धा, लीलाधरभाऊ."

सगळे भिंतीपर्यंत मागे सरले. धनेशाने खूप वेळ घेतला. मग तो खोडाला येऊन चिकटला, फटीतून चोच बाहेर आली, आणि पाठोपाठ अगदी बारीक चिरचिर ऐकू आली. पिलं होती!

चातुर्मासात पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारे सेठजी कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले. लीलाधर ठेकेदारांनी गॉगल काढला. "देवा रे," ते पुटपुटले, "मी तर भेगच समजलो होतो. एक थापी सिमेंट मारलं असतं तर..."

सेठजी खाकरले. "समितीची बैठक आत्ता, इथेच. अध्यक्ष हजर आहेत. अकरावा नियम मंजूर! पिलं उडेपर्यंत झोका बागेच्या पार त्या टोकाच्या वडाला. झिपरू, यापुढे विचारल्याशिवाय फलकाला हात लावायचा नाही. आणि विचारल्यावर मी ऐकलं नाही, तर या चौघांना माझ्या घरी पाठवायचं." मग मुलांकडे वळून ते म्हणाले, "कितीतरी वर्षं मी तुम्हाला हे नियम ऐकवतोय. ते कशासाठी असतात हे आज तुम्ही मला दाखवलंत. शाब्बास, बेटा!"

"म्हणजे क्रिकेट सुरू?" जितेंद्रने लगेच विचारलं.

"नियम क्रमांक तीन!" सेठजी गरजले, आणि सगळे हसले. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता.

गेरूची ओळ पुसून जिनलने ती सुंदर अक्षरात पुन्हा लिहिली. लाल ऑइलपेंटचा डबा लीलाधर ठेकेदारांनी दिला.

आखाजीला हर्षाली आली. हातांवर मेंदी, अंगावर नवं लुगडं. आमरस आणि सांजोऱ्या खाऊन ती बागेत आली ती सरळ कडुनिंबाकडे निघाली. ज्योत्स्नाने तिला अलीकडेच अडवलं आणि ढोलीतल्या आईची सगळी गोष्ट सांगितली.

"रागावलीस का, ताई?"

हर्षाली दोराच्या रिंगणापाशी उभी राहून ढोलीकडे बघत राहिली. फटीतून चोच आली, उंबर घेऊन आत गेली. "वेडी गं," ती म्हणाली आणि तिने धाकट्या बहिणीला जवळ ओढलं. "मला तर वडाचाही झोका आहे. तिला हेच एक झाड आहे."

मग वडाखाली, दुसऱ्या चऱ्हाटाने बांधलेल्या झोक्यावर गाणी सुरू झाली. झोका उंच जायला लागला. हर्षालीने मध्येच पाय टेकवून तो थांबवला आणि झिपरूआबांना हाक मारली.

"आबा, तुम्ही झोका द्या. लेकीला बापानेच द्यायचा असतो."

आबांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले, हात धोतराला पुसले, आणि झोका दिला.